लॉरीवरून पडलेला माल

इंग्रजी ही शेक्सपिअरची भाषा आहे, तशीच ती लंडनच्या फेरीवाल्यांचीही आहे. पहिली आपल्याला पाठ्यपुस्तकांत भेटते, दुसरी क्वचितच. या दुसऱ्या इंग्रजीतील एक वाक्प्रचार अभ्यासण्यासारखा वाटला, म्हणून हा लेखनप्रपंच.

नवेकोरे घड्याळ अर्ध्या किमतीत विकणाऱ्याला ‘हे आणलेस कुठून?’ असे विचारले, की ब्रिटनमध्ये मिस्किल उत्तर मिळते : ‘इट फेल ऑफ द बॅक ऑफ अ लॉरी.’ लॉरीच्या मागून पडले! ऐकणारा हसतो आणि पैसे मोजतो. माल चोरीचा आहे हे दोघेही ओळखून असतात. चोरी हा शब्द मात्र कोणीच उच्चारत नाही. अमेरिकेत लॉरीऐवजी ट्रक येतो, एवढाच फरक.

व्याकरणाच्या दृष्टीने पाहू. ‘पडणे’ हे अकर्मक क्रियापद. पडणारे घड्याळ हाच कर्ता. चोराला वाक्यात जागाच नाही. मराठीत आपण ‘पातेल्याला पाय फुटले’ म्हणतो, तेथेही चोराचा उल्लेख नसतो. परंतु आपला वाक्प्रचार बहुधा वस्तू गमावणाऱ्याच्या तोंडी असतो, इंग्रजी वाक्प्रचार ती मिळवणाऱ्याच्या. एक टोमणा आहे, तर दुसरे पांघरूण.

दुसऱ्या महायुद्धात अशा पांघरुणाची गरज वाढली. जानेवारी १९४० मध्ये ब्रिटनमध्ये साखर, लोणी यांचे रेशनिंग सुरू झाले. मांसावरील नियंत्रण जुलै १९५४ मध्ये उठले, तेव्हा ते संपले. या काळात काळा बाजार करणाऱ्या छानछोकी माणसाला ‘स्पिव्ह’ हे नाव रूढ झाले. लोक त्याला नावेही ठेवत आणि मालही त्याच्याकडूनच घेत. ‘डॅड्स आर्मी’ या १९६८ च्या दूरदर्शन मालिकेतील वॉकर हा असाच एक लाडका स्पिव्ह.

कायदा मात्र हसत नाही. इंग्लंडमधील १९६८ च्या चोरीविषयक कायद्यानुसार आज साध्या चोरीला जास्तीत जास्त सात वर्षे शिक्षा आहे, तर जाणूनबुजून चोरीचा माल घेणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंत. गिऱ्हाईक नसेल तर चोर माल विकणार कोणाला?

माझे वडील ट्रकवर हमाली करतात. एक पेटी कमी भरली, तर ‘वाटेत पडली असेल’ हे उत्तर चालत नाही. मुकादम मजुरीतून पैसे कापतो. लॉरीवरून पडलेला माल शेवटी कोणाच्या तरी अंगावर पडतोच. म्हणून भाषेचा अभ्यास करताना वाक्यातील कर्ता ओळखावाच, पण वाक्यातून कोणाला वगळले आहे तेही शोधावे, असे मला वाटते.