समिती वाढली, हे कशावरून ओळखावे?

मूल वाढते आहे की नाही, हे आई रोज पाहत असते. तरीसुद्धा अंगणवाडीत दर महिन्याला त्याचे वजन करतात. का बरे? रोज पाहणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. काट्यावर तो दिसतो. वजन त्याच काट्यावर करावयाचे आणि नवा आकडा मागच्या आकड्याशेजारी लिहावयाचा. शेजारणीच्या मुलाशी तुलना करावयाची नाही. आपल्याच मुलाच्या मागच्या महिन्याशी करावयाची.

आज आपण असेच एक माप शिकू. हे माप मुलाचे नाही, समितीचे आहे.

डहाणू आणि तलासरी या आपल्या दोन तालुक्यांत समित्या पुष्कळ. वनहक्क समिती आहे, संयुक्त वनव्यवस्थापन समिती आहे, जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे. किनाऱ्यावर मच्छीमारांच्या सहकारी संस्था आहेत. जंगल, पाणी, मासळी राखावी, म्हणून माणसे एकत्र येतात. ही चांगली गोष्ट. पण "तुमची समिती कशी चालली आहे?" असे विचारले, की उत्तर येते, "गुरुजी, औंदा हजार रोपं लावली!"

रोपे लावली हे छान झाले. पण हे कामाचे माप झाले, समितीचे नव्हे. रोपे खात्याने दिली. मजुरी सरकारने दिली. कागद संस्थेच्या कार्यकर्त्याने लिहिला. फोटोही त्यानेच काढला. मग समितीने काय केले? उद्या तो कार्यकर्ता बदलून दुसरीकडे गेला, तर पुढच्या पावसाळ्यात रोपे लावली जातील का? या प्रश्नाचे उत्तर रोपे मोजून मिळत नाही.

नुसत्या समित्या मोजूनही ते मिळत नाही. जैवविविधतेचा कायदा २००२ साली झाला. गावोगाव समिती असावी, गावातील झाडे, वेली, पाखरे, मासे, औषधी पाला यांची लोकांनी नोंदवही करावी, असे त्यात आहे. पुष्कळ वर्षे हे काम रेंगाळले. तेव्हा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली सर्व राज्यांना बजावले, की ३१ जानेवारी २०२० पर्यंत समित्या आणि नोंदवह्या पुऱ्या करा, नाहीतर महिन्याला १० लाख रुपये दंड भरा. झाले! देशभर भराभर समित्या झाल्या. हुकूम योग्यच होता, त्याशिवाय कोणी हलले नसते. पण तारखेच्या धाकाने झालेल्या समितीत आपले नाव आहे, हे कित्येक सभासदांना ठाऊकच नसते. आम्ही शाळेत आयुष्य घालविले. तपासणीच्या दिवशी पटावरची सगळी मुले हजर असतात. शाळा कशी आहे, हे पाहावयाचे असेल, तर तपासणीच्या दुसऱ्या दिवशी यावे.

आता आपल्या डहाणूचीच गोष्ट घ्या. डहाणूला कोळशावर चालणारे वीज केंद्र यावयाचे ठरले, तेव्हा १९८९ च्या सुमारास काही नागरिक एकत्र आले. धुराने चिकूच्या बागांचे, शेतीचे, खाडीचे नुकसान होईल, अशी त्यांना भीती होती. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण गट या नावाने ते कोर्टात गेले. १९९१ साली सुप्रीम कोर्टात ते हरले. वीज केंद्र उभे राहिले. त्या दिवशी कोणी नुसत्या कामाचे माप घेतले असते, तर शून्य भरले असते.

पण माणसे कागद वाचावयास शिकली होती. कोणत्या कचेरीत काय मागावे, हे त्यांना समजले होते. त्याच वर्षी २० जूनला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरविला. तालुक्यात उद्योगांना मिळून ५०० एकरांपेक्षा जास्त जमीन देऊ नये, अशी मर्यादा आली. ती नीट पाळावी म्हणून पुन्हा अर्ज झाला. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी सुप्रीम कोर्टाने तालुक्यासाठी एक प्राधिकरण नेमण्यास सांगितले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. या प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदराला नकार दिला. १९९९ साली वीज केंद्राला धुरातील गंधकाचा वायू धुऊन काढणारे यंत्र बसविण्यास सांगितले. ते यंत्र बसले २००७ साली. म्हणजे आठ वर्षे गेली! एवढा काळ एका गोष्टीच्या मागे राहावयाचे, तर जुना कागद नेमका सापडावा लागतो. एक माणूस थकला, तर दुसरा उभा राहावा लागतो. आमच्या मते संघटनेची वाढ म्हणतात ती हीच.

पुढे काय झाले, तेही सांगावयास हवे. न्यायमूर्ती धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये वारले. प्राधिकरणावर नवी माणसे आली. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी वाढवण बंदराला अटी घालून संमती दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. बंदर हवे की नको, यावर येथे वाद घालावयाचा नाही. त्याबद्दल लोकांची मते वेगवेगळी आहेत. पाहावयाचे ते एवढेच, की सरकारी मंडळ म्हणजे लोकांची संघटना नव्हे. मंडळावरची माणसे बदलतात, निर्णयही बदलतात. मग लोकांच्या हाती उरते ती त्यांची स्वतःची संघटना. ती आपल्या पायावर किती उभी आहे, हे वेळेवर मोजलेले बरे.

हे माप कसे घ्यावे? त्याची रीत आधीपासून आहे. परदेशी पैशावर चालणारा एक निधी आहे, क्रिटिकल इकोसिस्टम पार्टनरशिप फंड. नाव लांबलचक आहे, पाठ केले नाही तरी चालेल. त्याने २००८ ते २०१५ या काळात सह्याद्रीत निसर्ग राखणाऱ्या संस्थांना मदत केली. बंगळूरची अत्री ही संस्था तो कारभार पाहत होती. मदत घेणाऱ्या संस्थेने सुरुवातीला आणि शेवटी स्वतःचे माप स्वतः भरावयाचे, अशी त्या निधीची पद्धत आहे. त्यात पाच बाजू पाहतात: माणसे, पैसा, कारभार, पुढचा विचार आणि प्रत्यक्ष काम. त्यांचा कागद मोठ्या संस्थांसाठी आहे. पाड्यावर तो तसाच्या तसा चालणार नाही. पण पाच बाजू आपण घेऊ आणि कागदाच्या जागी चिंचोके घेऊ.

पळसाची पाच पाने जमिनीवर मांडा. प्रत्येक पान एका बाजूचे. एका पानावर जास्तीत जास्त चार चिंचोके. किती ठेवावयाचे, हे एकाच प्रश्नावर ठरवा: हे काम कोण करते? कोणीच करीत नसेल, तर पान रिकामे. बाहेरचा माणूस करीत असेल, तर एक. आपल्यातला एकटा अध्यक्ष किंवा सचिव करीत असेल, तर दोन. आपल्यातली तीनचार माणसे करू शकत असतील, तर तीन. यांतले कोणीही नसले तरी काम अडत नसेल, तर चार.

माणसांच्या पानापाशी जरा थांबा. वनहक्क समितीत दहा ते पंधरा सभासद असतात आणि त्यांत निदान एक तृतीयांश बायका असाव्यात, असा नियम आहे. वहीत बायकांची नावे असतात. सह्याही असतात. पण मागच्या तीन सभांत कोणती बाई काय बोलली, हे सांगता येते का? लाकूडफाटा, मोहाची फुले, रानभाजी, पाणी, सगळे आणावयाचे त्यांनी, आणि सभेत बसावयाचे मागे! आम्ही असे सुचवितो, की चिंचोके आधी बायकांनी वेगळे ठेवावेत, मग पुरुषांनी. पुरुषांनी तीन ठेवले आणि बायकांनी एक ठेवला, तर भांडू नये. दोन्हींची बेरीज करून अर्धे तर मुळीच करू नये. फरक का पडला, हे विचारावे. एखादी म्हातारी सांगेल, "सभेचा सांगावा आम्हाला येतंच नाही." तेवढे कळले तरी त्या दिवसाचे सार्थक झाले.

पैशाच्या पानावर माणसे अडखळतात. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. जंगल राखण्यासाठीही तो वापरता येतो. किती पैसा आला, हे समितीच्या ताकदीचे माप नव्हे. पैसा पुष्कळ आणि हिशेब एकाच्या खिशात, असेही असते. वही सर्वांसमोर वाचली जाते का? पासबुक पाहावयास मागितले, तर कोणाला राग येतो का? राग येत असेल, तर दोनच चिंचोके ठेवा, खात्यात लाख असले तरी.

कारभाराचे पान तुम्हीच सोडवा: वही कोण लिहितो, सभा कोण बोलावतो. पुढचा विचार म्हणजे वणवा लागल्यावर धावणे नव्हे. मोहाची फुले वेचण्यापूर्वी झाडाखालचा पाला जाळतात आणि त्यातूनच कधी कधी जंगल पेटते. तेव्हा फुले पडण्याआधीच पाला झाडून घेण्याच्या पाळ्या लागल्या का, हा पुढचा विचार.

प्रत्यक्ष कामाचा एक दाखला समुद्राकडचा देतो. जाळ्यात कासव किंवा दुसरा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर सरकार जाळ्याची भरपाई देते, कमाल २५,००० रुपयांपर्यंत. ही योजना २०१८ अखेर सुरू झाली. आता दोन संस्था धरा. दोघींच्या सभासदांनी चार चार कासवे सोडली. एकीचे अर्ज बाहेरचा कार्यकर्ता येऊन भरतो. दुसरीत नाखवा स्वतः फोटो काढतो, पोरगी अर्ज लिहिते, सचिव तो पुढे पाठवितो. कासवे सारखीच सुटली. पण पहिलीला एक चिंचोका, दुसरीला तीन.

चार चिंचोक्यांची समिती कुठे आहे का, असे कोणी विचारील. गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा) हे गोंड लोकांचे गाव पाहावे. २००९ साली त्याला १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबू वाहून नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हे एकदम झाले नाही. त्याआधी कितीतरी वर्षे गावाने दोन सवयी लावून घेतल्या होत्या. एक, निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यावयाचा; एकाचा विरोध असला, तरी थांबावयाचे. दुसरी, अभ्यास गट चालवावयाचा. बाहेरचा माणूस बोलावला, तरी तो माहिती सांगणार, निर्णय गाव घेणार. बाहेरच्याला असे आपल्या जागी बसविता येणे, ही वाढलेल्या गावाची खूण आहे. आपल्याकडेही पेसाच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते.

एक सावधगिरी. दुसऱ्या वर्षी चिंचोके कमी भरले, तर घाबरू नये. पहिल्या वर्षी पाहुण्यांदेखत सगळे चांगलेच सांगतात. शिवाय, हिशेब कसा असावा, हे ज्याने कधी पाहिले नाही, त्याला आपला हिशेब उत्तमच वाटतो. पुढे वही वाचता येऊ लागली, की तिच्यातली भोके दिसतात. मग तीनाचे दोन होतात. ही घसरण नव्हे. मात्र पैसे देणारी संस्था चिंचोके पाहून पैसे देणार असेल, तर लोक चारच्या चार ठेवतील, आणि तसे ठेवले तर त्यांना दोष देता येत नाही. म्हणून हे माप अनुदानाच्या अर्जाला जोडू नये. ते आपल्यासाठी आहे.

माप केव्हा घ्यावे, हेही आपल्याकडे महत्त्वाचे. दिवाळी झाली, की निम्मा पाडा वीटभट्टीवर, रेतीवर, बोटीवर निघून जातो. तेव्हा सभा घेतली, तर म्हातारी माणसे आणि लेकरे तेवढी भेटतात. भात लावणी आटोपल्यावर, दिवाळीच्या आधी, एकदा बसावे. होळीला माणसे परत येतात, तेव्हा पुन्हा बसावे. मधल्या महिन्यांत समितीचे काय झाले, हेही त्यातून कळते. घरी राहिलेल्यांनी काम चालविले की कुलूप पडले?

चिंचोके मोजून झाले, की आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. कोणी काय कारण सांगितले, ते एकेका ओळीत लिहावे. दोन प्रती कराव्यात. एक वहीत चिकटवावी, दुसरी समितीवर नसलेल्या कोणाच्या तरी घरी ठेवावी. वर तारीख, खाली हजर असलेल्यांच्या सह्या. आता आपल्याला सही येते. ज्यांना अजून येत नाही, त्यांचा अंगठा घ्यावा आणि शेजारी त्यांचे नाव लिहावे.