मागचेही दिसले पाहिजे

अँबॅसडर मोटार आपल्या ओळखीची आहे. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला ती तयार होत असे. २०१४ साली ते काम थांबले. तरी काही जुन्या गाड्या अजून धावतात. त्यांतल्या कित्येकांना बाहेर आरसे नाहीत.

आत एक आरसा असतो. मग बाहेर कशाला? आतल्या आरशात मागच्या काचेपुरतेच दिसते. मागे माणसे बसली, की तेही झाकते. बाजूने येणारा सायकलवाला दिसत नाही. गाडी वळते आणि घात होतो.

म्हणून आपण आरसे बसवू या. ड्रायव्हरने आपल्या जागी बसावे. दुसऱ्याने आरसा दाराला धरून पुढेमागे सरकवावा. नीट दिसेल तिथे खडूने खूण करावी.

आता घाई नको! काच खाली केली, की ती दाराच्या पोटात जाते. स्क्रू तिच्या वाटेत आला, तर काच फुटेल. आधी आतून पाहावे, मगच भोक पाडावे. भोकाच्या कडेला रंग लावावा, नाहीतर गंज चढतो. खाली रबराची चकती घालून नट आवळावा.

सपाट आरशात अंतर बरोबर कळते, पण रस्ता थोडा दिसतो. फुगीर आरशात रस्ता जास्त दिसतो, पण मागची गाडी आहे त्याहून लांब वाटते. हे ध्यानात ठेवावे.

आरशात आपल्या गाडीची कड जराशी दिसावी, बाकी रस्ता दिसावा. तरी थोडी जागा आरशाला दिसतच नाही. म्हणून वळताना आरसा पाहू या, आणि मानही वळवू या. त्या जागेत कुणाचे तरी लेकरू असू शकते.