सागवान इथले, कसब कुणाचे?

प्रश्न : गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या दहावी झालेल्या मुलाने आयटीआय करावे का?

उत्तर : करावे, पण ट्रेड पारखून. का, ते एका उदाहरणावरून कळेल.

अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये या वनपट्ट्यातले सागवान बल्लारपूरहून गेले. कोरीवकाम मात्र तमिळनाडूच्या कारागिरांनी केले. जंगल आहे, पण कच्चा माल बाहेर जातो आणि इथल्या लोकांना मजुरीवर भागवावे लागते. कौशल्यशिक्षणातली खरी सुधारणा इथेच हवी : जंगलातल्या मालावरचे कसब इथल्या मुलांना मिळावे.

असे कसब शिकायचे, तर चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात बांबूकामाची पदविका मिळते. आयटीआयच घ्यायचे, तर प्रवेशाआधी तीन गोष्टी विचाराव्यात : ट्रेडला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी) मान्यता आहे का, यंत्रे चालू आहेत का, नंतर शिकाऊ उमेदवारी कुठे मिळते? १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार त्या काळात विद्यावेतनही मिळते.