सायलेन्सरमधून पाणी : कुठे खर्च, कुठे नाही

डिसेंबरात नाशिक-पुण्याकडे सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरच्या तोंडातून थेंब ठिबकतात, पांढरी वाफ निघते आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा या पाण्याचा खर्च शून्य. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. सीएनजीत तर किलोमागे दोन लिटरहून जास्त. सायलेन्सर तापलेला असेल तर ते वाफ होऊन उडून जातं, गार असेल तर आतच साचतं. थेंबांत थोडी काजळी दिसली तरी घाबरायचं कारण नाही.

गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल, त्याला गोडसर वास येत असेल आणि कूलंटची पातळी उतरत असेल, तर मात्र हेड गॅस्केटचा संशय घ्या. पातळी इंजिन गार असतानाच बघा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून लगेच इंजिन खोलायला होकार देऊ नका, कारण रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही धरतो. आधी कूलंटची प्रेशर टेस्ट आणि ब्लॉक टेस्ट करून घ्या. ब्लॉक टेस्टमध्ये कूलंटच्या टाकीतली हवा निळ्या द्रावातून ओढतात. जळका वायू मिसळला असेल तर पेट्रोल गाडीत तो द्राव पिवळा पडतो. काही शेकड्यांत होणारी ही तपासणी हजारो वाचवते.

आता दर. हे छोट्या पेट्रोल हॅचबॅकचे, बाहेरच्या गॅरेजचे अंदाज आहेत; शहर आणि मॉडेलप्रमाणे ते हलतील. सायलेन्सरला वेल्डिंगचा तुकडा ३०० ते ८००. बाजारातला मागचा सायलेन्सर लेबरसह २,५०० ते ५,०००. कंपनीचा घेतलात तर बराच महाग. हेड गॅस्केट, हेड फेसिंग आणि लेबर धरून ८,००० ते १५,०००. हेड वाकलं असेल तर त्याहून वर. पत्रा पातळ झाला असेल तर वेल्डिंगवर पैसे घालू नका. एक भोक बुजवाल, महिन्याभरात शेजारी दुसरं पडेल. पण भोक दुर्लक्षून चालवूही नका. गाडीच्या पोटाखालून गळणारा कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो.

आणखी एक गोष्ट. अनेक सायलेन्सरना तळाशी काडीएवढं बारीक भोक मुद्दामच ठेवलेलं असतं, साचलेलं पाणी गळून जावं म्हणून. एखादा उत्साही वेल्डर तेही ‘लीकेज’ समजून बुजवतो आणि सायलेन्सर आतून गंजायला मोकळा होतो. गाडी रॅम्पवर चढली की स्वतः वाकून बघा.

गंज टाळायला आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं सलग, थोड्या वेगात गाडी चालवा. जागेवर दहा मिनिटं इंजिन घरघरवण्याने मागचा सायलेन्सर पुरेसा तापत नाही, पेट्रोल तेवढं जळतं. कोकणात, मुंबईत खारी हवा बाहेरूनही पत्रा खाते, तेव्हा पावसाळा संपला की खालून धुलाई करून घ्या.

तुंबलेल्या पाण्यात गाडी बुडाली असेल तर चावी फिरवूच नका, टो करून न्या. पाणी सिलिंडरपर्यंत गेलेलं असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो आणि साध्या विम्यात कंपन्या सहसा हा दावा नाकारतात. पावसाळ्याआधी आपल्या पॉलिसीत ‘इंजिन प्रोटेक्ट’ आहे का, तेवढं बघून ठेवा.