टिकणारी सेवा : मुंबईच्या डबेवाल्यांपासून घ्यावयाचा धडा

मालाची विक्री आणि सेवेची विक्री यांत एक मूलभूत भेद आहे. कापड घेण्यापूर्वी ते हाताने चाचपून पाहता येते. सेवा मात्र आधी पाहता येत नाही. खाणावळीचा डबा असो, शिकवणी असो वा दवाखाना असो, गिऱ्हाईक प्रथम विश्वास टाकते व गुण मागाहून कळतो. म्हणून सेवेचा व्यवसाय जाहिरातीने सुरू होईल, परंतु टिकेल तो व्यवस्थेनेच.

आपल्या महाराणा प्रताप नगरात याचा पडताळा रोज येतो. कचेऱ्या, दुकाने व शिकवणीवर्ग यांनी गजबजलेल्या या भागात बाहेरगावचे विद्यार्थी मोठ्या संख्येने येतात. त्यांना दोन वेळचा डबा पुरवून काही घरे आपला संसार चालवितात. परंतु पहिल्या महिन्यात भाजी उत्तम, तिसऱ्या महिन्यात वरण पातळ आणि सहाव्या महिन्यात गिऱ्हाईक नाहीसे, असा क्रम घडला तर तोटा दोघांचाही होतो. हे कसे टाळावे, याचे उत्तर मुंबईच्या डबेवाल्यांकडे आहे.

मुंबईत 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केले. पुढे मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतील माणसे त्यात आली. 1956 साली या मंडळींनी आपला धर्मादाय ट्रस्ट नोंदविला, ही गोष्ट आपणां ट्रस्टच्या सभासदांस विशेष वाटावी अशी आहे. 2020 पूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोहोचवीत असत. त्यांच्या चुकांच्या प्रमाणाविषयी अनेक चमत्कारिक आकडे सांगितले जातात. ते बाजूस ठेवून त्यांची रीत पाहू.

पहिली गोष्ट खुणेची. प्रत्येक डब्यावर रंगाने अक्षरे व आकडे काढलेले असतात. डबा कोठून निघाला, कोणत्या स्टेशनावर उतरावयाचा, कोणत्या इमारतीत व कितव्या मजल्यावर द्यावयाचा, हे त्यावरून कळते. डबा वाटेत अनेक हातांतून जातो, तरी प्रत्येक टप्प्यास तो कोणाच्या स्वाधीन आहे हे ठरलेले असते. जेथे काम सर्वांचे म्हणून सांगितले जाते, तेथे ते बहुधा कोणाचेच राहत नाही.

दुसरी गोष्ट भागीदारीची. डबेवाला हा पगारी नोकर नव्हे. मुकादमाच्या देखरेखीखाली वीस-पंचवीस जणांचा गट काम करतो व मिळकत आपसांत वाटून घेतो. डबा चुकला तर आपलेच गिऱ्हाईक तुटते, हे प्रत्येकास ठाऊक असते.

तिसरी गोष्ट मर्यादेची. सायकल, हातगाडी, लोकल गाडी आणि त्याच दिवशी घरी परत येणारा धातूचा डबा, एवढ्यावर हा कारभार चालतो. फेकून द्यावयाचे भांडे त्यात नाही, म्हणून खर्च बेताचा राहतो आणि कचरा होत नाही.

मात्र नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीमुळे लोकल गाड्या व कचेऱ्या बंद झाल्या आणि शतकाहून अधिक काळ चाललेले हे काम थांबले. पुष्कळ डबेवाले गावी परतले व मिळेल त्या कामास लागले. पुढे काम सुरू झाले, तरी पूर्वीइतके डबे राहिले नाहीत. यावरून असे दिसते की, कारभार कितीही चोख असला तरी वाईट दिवसांसाठी गाठीस काही राखून ठेवणे हाही व्यवस्थेचाच भाग होय.

आता आपल्या संस्थेपुरता विचार करू. 24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याची जागा 2019 च्या नव्या कायद्याने घेतली. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत उणीव राहिली, तर ग्राहकास आयोगाकडे दाद मागता येते. परंतु पूर्णपणे विनामूल्य दिलेली सेवा या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. अर्थात ट्रस्टकडून मोफत पुस्तके वा औषधे घेणाऱ्या कुटुंबास ग्राहक म्हणून हा दरवाजा उघडा नाही. ते तक्रार करीत नाही, याचा अर्थ ते संतुष्ट आहे असा कोणी घेऊ नये; मिंधेपणामुळेही माणूस गप्प बसतो.

जेथे कायद्याचा धाक नाही, तेथे जबाबदारी दुप्पट होते. म्हणून प्रत्येक कामास एक जबाबदार व्यक्ती नेमावी व तिचे नाव फलकावर लिहावे. तक्रारवही ठेवून दरमहा ती सभेपुढे वाचावी. आणि जमेचा काही अंश राखीव निधीत टाकावा. महोत्सव हा मागील वर्षांचा हिशेब देण्याचा प्रसंग असतो. पुढील वर्षांचा हिशेब मात्र घेणाऱ्यांच्या तोंडून ऐकावा लागेल, आणि तो ऐकण्याची सोय आजच करून ठेवणे श्रेयस्कर होय.