दुकान हलवायचंय? आधी न्हावा-शेवाचा हिशोब बघा

व्हिडिओत वेळेअभावी राहिलेला पैशांचा भाग इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

मुंबई बंदराची अडचण तुमच्या-माझ्या दुकानासारखीच होती. चारी बाजूंनी शहर, ट्रकला रस्ता नाही, वाढायला जागा नाही. म्हणून खाडीपलीकडे उरणजवळ न्हावा-शेवा बंदर उभं राहिलं. २६ मे १९८९ ला ते सुरू झालं. आता प्रश्न असा, की पैसा कुठून आला?

१. पाया मालकाने घातला. जमीन, भराव, जहाजांचा मार्ग यातून लगेच कमाई होत नाही. ही जबाबदारी सरकारने घेतली आणि त्यासाठी जागतिक बँकेकडून २५ कोटी डॉलरचं दीर्घ मुदतीचं कर्ज मंजूर झालं. सावकाश वसूल होणाऱ्या खर्चाला लांब मुदतीचाच पैसा लावायचा.

२. पुढची वाढ भागीदाराच्या पैशातून. १९९७ मध्ये पी अँड ओ कंपनीच्या गटाला ३० वर्षांच्या कराराने नवं कंटेनर टर्मिनल दिलं. धक्का आणि क्रेन त्यांनी उभ्या करायच्या, चालवायच्या, मुदत संपली की परत द्यायच्या. २०१४ मध्ये सिंगापूरच्या पीएसएशी चौथ्या टर्मिनलचा करार झाला, त्यात दर १०० रुपये महसुलामागे ३५.७९ रुपये बंदराला. जागा आपली, मशीन त्यांचं, गल्ल्यात वाटा दोघांचा.

३. जुनं एका दिवसात बंद केलं नाही. कंटेनर हळूहळू पलीकडे गेले, पण तेल, सुटा माल, गाड्या यांवर मुंबई बंदर आजही चालतं.

४. एक बिल मात्र मागे राहिलं. ज्यांच्या शेतांवर, मिठागरांवर हे सगळं उभं राहिलं, त्यांनी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केलं. गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं धोरण आलं, पण बंदराच्या प्रकल्पग्रस्तांच्या हाती इरादापत्रं पडली ती २०१४ मध्ये. बंदर सुरू होऊन तेव्हा २५ वर्षं झाली होती. बँकेचा हप्ता तारखेला जातो, माणसांचं देणं मात्र 'बघू नंतर' मध्ये अडकतं.

आता तुमचं दुकान. समजा, हलवायला २० लाख लागणार आहेत. कागदावर चार रकाने पाडा:

- डिपॉझिट, फर्निचर: स्वतःची बचत किंवा लांब मुदतीचं कर्ज.
- मशीन: मशीन जितकी वर्षं चालेल, त्याआत फिटणारं कर्ज, नाहीतर भाड्याने.
- माल: कॅश क्रेडिट. यासाठी पाच वर्षांचा हप्ता लावून घेऊ नका.
- दोन्ही जागांचं सहा महिन्यांचं भाडं आणि जुन्या कामगारांचं देणं: ही रक्कम आधीच बाजूला.

चौथा रकाना रिकामा असेल, तर अजून जागेचं टोकन देऊ नका. आधी तो भरा, मग शटर उचला.