टेप घेऊन रेल्वे संग्रहालयात

सुट्टीत आम्ही घरचे सगळे नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय बघून आलो. मी पडले शिक्षिका, त्यामुळे लेकीसाठी प्रश्नावली तयारच होती! ती पर्समध्येच राहिली. कारण आत शिरताच लेकीने विचारलं, "आई, हे रूळ इतके जवळजवळ का गं?"

उत्तर न देता मी तिच्या हातात टेप दिली. (तुम्ही जाल तेव्हा टेप नक्की न्या.) रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर 762 मिलिमीटर. ब्रॉडगेजचं 1676, म्हणजे दुपटीहून जास्त. गुणोत्तराचा धडा तिथेच झाला. रूळ जवळ असले की गाडीला कमी जागेत वळण घेता येतं, खर्चही कमी. म्हणून सातपुड्याच्या डोंगर-जंगलात ही छोटी गाडी धावली.

आजोबा मात्र इंजिनापाशीच थांबले होते. नागपूर-नागभीडची छोटी लाइन 2019 मध्ये बंद झाली. त्याच गाडीने ते शिकायला नागपूरला यायचे. घरात हे कधी बोलले नव्हते. त्या दिवशी तासभर बोलले. लेकीने माझी प्रश्नावली मागून घेतली आणि तिच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहून काढलं.